संचमान्यता

तीस एप्रिल. प्रगतिपुस्तकं लिहून झाली.
‘प्रगती समाधानकारक’ एक्केचाळीस वेळा,
‘अक्षर सुधारावे’ तेरा,
आणि सातवीतल्या एका पोराला ‘गप्प असतो’ असं लिहून
पुढे काय लिहावं सुचेना, तसंच ठेवलं.
तक्रार नव्हती ती.
पण शेऱ्याच्या रकान्यात काळजीही तक्रारीसारखीच दिसते.

सभा अकराला, सहावीच्या वर्गात,
कारण स्टाफरूमचा पंखा दुरुस्तीला गेलाय.
बाकं बुटकी, अत्तार सरांचे गुडघे मावत नाहीत.
परुळेकर बाई विषयपत्रिका वाचतात:
दहावीचा निकाल यायचाय, तेव्हा त्यावर आज बोलायचं नाही.
मुलींच्या शौचालयाची कडी, मंजूर.
प्रयोगशाळेत स्पिरिटचा एक दिवा कमी.
‘तो तीन वर्षं कमीच आहे,’ हुमणे सर म्हणतात.
सहल जानेवारीत, परवानगी आली तर.
मुद्दा सात. आठवी ब नाही.
एवढंच वाचून बाई पाणी पितात.

कारणं म्हाप्रळकरांच्या टेबलावर आहेत,
दाखल्याच्या अर्जांची चळत:
घर बदलले, बदलापूर.
घर बदलले, नालासोपारा.
बदलापूर. बदलापूर.
विक्रोळीतली एकेक जुनी इमारत पाडायला काढतात
आणि आमच्या हजेरीपटावर
एकेका नावापुढे लाल रेघ.
एका अर्जात ‘शाळा सोडण्याचे कारण’ याच्यापुढे
आईनं लिहिलंय:
शाळा चांगली आहे.

मुलं कमी झाली की शिक्षक जास्त होतो.
एकोणीस वर्षं गणित शिकवतेय,
ही वजाबाकी मला फळ्यावर मांडता येणार नाही.
कागदावर त्याला ‘अतिरिक्त’ म्हणतात.
कागदावर तिचं नाव उज्ज्वला घाडी, चित्रकला.

वेळापत्रक मी लावते, पेन्सिलीनं,
अर्धं खोडरबरानंच.
मोठा तक्ता घाडी आखते, शाईनं, एकदाही न चुकता.
प्रत्येकाला तिनं रंग दिलेला:
हुमणे पोपटी, अत्तार जांभळे,
मी तपकिरी. (‘गणित म्हणजे चहा, ताई. हवाच.’)
स्वतःच्या तासांना ती शेवटी भरायची
पेटीत जो उरेल तो.

आजही आली. टेबलावर कागद पसरला,
चार कोपऱ्यांवर चार डस्टर.
मी पेन्सिलीचं वेळापत्रक उशिरानं पुढे केलं,
जसं पोरं पालकांपुढे प्रगतिपुस्तक करतात.
तिनं बोट फिरवलं सोमवारवरून, मंगळवारवरून,
शनिवारच्या चौथ्या तासावर थांबली.
‘चित्रकला कुणाला?’
हुमणे सर खिडकीबाहेर बघत होते.
‘मला,’ म्हणाले. ‘घाडी, मला फक्त पचनसंस्था काढता येते.’
‘पुरे की. त्यात सगळ्या रेषा आल्या.’
आणि आखू लागली.

पट्टी सरकत होती, दोन दोन इंच.
कोणी बोलत नव्हतं.
खाली मैदानात तांडेल टाकी धूत होता, त्याच्या झाडूचा आवाज.
समायोजनाची यादी ऑगस्टात म्हणे, किंवा दिवाळीनंतर.
तोवर पगार इथूनच, मस्टरवर सही इथंच.
जूनमध्ये ती येईल, सातला दहा कमी असताना, नेहमीसारखी,
सही करील,
आणि घंटा झाल्यावर कुठल्याच वर्गात जायचं नसेल.

हे मी मनात म्हणत होते,
ती बहुधा मोजत होती.
‘बदली तास तर मिळतील ना?’ तिनं विचारलं,
वर न बघता. ‘कोणी रजेवर असलं की?’
मग पट्टी पदराला पुसली:
‘अधूनमधून आजारी पडत जा रे तुम्ही.’

अत्तार सरांनी तिथल्या तिथे खोकून दाखवलं.
आम्ही हसलो, जरुरीपेक्षा जास्त,
आणि शाई ओली होती म्हणून
बराच वेळ कुणी टेबलाला हात लावला नाही.